केरकरमावशींचा जन्मदाखला

समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघून केरकरमावशी त्याचं जन्माच्या वेळचं वजन सांगायच्या. आमच्या चारकोपच्या सोसायटीचे सेक्रेटरी अंगाने चांगले आडवे, आवाज असा की टाकीपाशी बोलले तर गेटवर ऐकू यावं. त्यांच्याकडे बघून मावशी म्हणाल्या होत्या, "हे दोन किलोच्या आतले. कापसात ठेवले असणार." सेक्रेटरींनी हसण्यावारी नेलं, पण पुढे त्यांच्या आईनेच कबूल केलं की हा सातव्या महिन्यात झाला आणि जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा "अडीच, फार तर पावणेतीन" असा निकाल देऊन त्यांनी माझाही विषय संपवला.

एका म्युनिसिपल प्रसूतिगृहात त्या तीसेक वर्षं आया होत्या. तिथे सगळ्या आयांना मावशीच म्हणतात, तेच नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. ठेंगण्या, चालणं भरभर, पदर कायम खोचलेला आणि बांगडीत तीन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या. हाताला गुंडाळायची सवय इतकी की गावाहून आलेला नारळ कुणाला द्यायचा तरी तो फडक्यात घट्ट गुंडाळून द्यायच्या, आणि घेणाऱ्याचा हात आपोआप खालून आधाराला जायचा. मी स्वतः एकदा फणस असा घेतलाय.

त्यांचं एकच वेड होतं, नोंदणीचं. "नाव घाला आधी, पेढे मग," हे त्यांचं वाक्य त्या वॉर्डात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या आईबापाने ऐकलेलं असणार. माझी मुलगी झाली तेव्हा तिसऱ्याच दिवशी मावशी माझ्या दारात फॉर्म घेऊन हजर. सगळं भरलेलं, फक्त नावाची जागा मोकळी. बारशाला अजून अवकाश आहे, सासूबाई पत्रिका बघतायत, असं मी सांगत होते. त्या उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. नाव नसलेलं पोर म्हणजे हवेतलं पोर, त्याला कुणीही उचलावं, असं त्या म्हणायच्या. शेवटी सासूबाईंनीच कंटाळून नाव सांगितलं. आज माझ्या मुलीचं जे नाव आहे ते कुठल्याही ज्योतिषाने काढलेलं नाही.

त्यांचा एक राग मात्र मला तेव्हा कळला नव्हता. आमच्याच मजल्यावरच्या पाटलांच्या सुनेचं बाळ सहा दिवसांचं होऊन गेलं. पुढे काही महिन्यांनी खालच्या मजल्यावर एक बाळंतीण आली, तिची परिस्थिती बेताचीच. पाटीलबाईंनी चांगल्या मनाने घरातले बाळाचे स्वेटर, टोपडी, सगळं न वापरलेलं, तिला पाठवून दिलं. मावशींना कळलं तशा त्या खाली गेल्या, सगळे कपडे गोळा केले, नेहमीसारखे गुंडाळले आणि पाटीलबाईंच्या हातात परत ठेवले. पाटीलबाई रडायला लागल्या. मी मावशींना म्हटलं, की नवीन कपडे होते, गरजवंताला गेले असते, तुमचं हे अति झालं. त्या म्हणाल्या, "जित्याने मेलेल्याचं घालू नये हे सगळे सांगतात. मी त्याच्यासाठी नाय सांगत. सहा दिवस जगला बिचारा. त्याच्या मालकीचं तेवढंच होतं. तेपण काढून घ्यायचं?"

मावशींचे यजमान जयवंतराव. आधी गिरणीत आणि गिरणी गेल्यावर वॉचमन. ते वारले तेव्हा एकुलता एक मुलगा नीलेश कॉलेजात होता. पुढे तो चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत खोके बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर झाला. सुप्रियाशी लग्न झालं, मुलगी झाली. मग तो कारखाना बंद पडला. त्यानंतर नीलेश कधी कुरिअरच्या गोदामात, कधी कुणाच्या बदली, असा दिवस ढकलत होता. चाळिशी जवळ आली होती आणि चेहऱ्यावरचा रुबाब उतरला होता.

त्याच्या कारखान्यातला एक दोस्त, मूळचा गोव्याचा, बघता बघता पोर्तुगालला गेला. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना, नातवंडांना तिथलं नागरिकत्व मागता येतं, हे नीलेशला त्याच्याकडून कळलं. मावशींचा जन्म पेडण्याकडच्या एका गावातला, त्या काळातलाच. नीलेश त्या दिवशी उड्या मारतच घरी आला असणार, कारण आमच्याकडे साखर वाटून गेला. आधी आईचा जन्म तिकडच्या दफ्तरी चढवायचा, मग आईच्या आधारावर मुलाचा. तिकडे दोस्ताने गोदामातली नोकरी बोलून ठेवली होती, आणि ती तो किती दिवस अडवून धरणार याला मर्यादा होती.

मावशींनी कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, नेमणुकीचा कागद, पेन्शनची ऑर्डर, जुनं रेशनकार्ड. एकेक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. अंधेरीचा एजंट तो डबा बघून खूश झाला. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात आणि बहुतेक बायकांच्या फायली तिथेच अडकतात, असं त्याने सांगितलं. मावशींचं नाव सासरी बदललंच नव्हतं. नवरा जयवंत, ही जयवंती, जोडी आयतीच जमलेली म्हणून सासूने ताटात तांदळावर तेच नाव लिहायला लावलं होतं. जन्मापासून पेन्शनपर्यंत एकच नाव असलेली बाई त्याने फार थोड्या वेळा पाहिली होती. मावशींची मान त्या दिवशी चांगली ताठ होती.

गोव्याहून जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल आली. जुन्या वळणाची, पोर्तुगीज भाषेतली, बोरूने लिहिल्यासारखी. एक अक्षर कळत नव्हतं तरी मावशी ती सगळ्यांना दाखवत होत्या. माझं ऑफिस मालाडला, आणि भाषांतर करणारे म्हातारे कॅथलिक गृहस्थही मालाडचेच. म्हणून नक्कल त्यांच्याकडे द्यायचं आणि आठवड्याने इंग्रजी भाषांतर आणायचं काम माझ्याकडे आलं. ते पाकीट घेऊन मी संध्याकाळी मावशींकडे गेले तेव्हा त्या खाली बसून सुपात जवळा निवडत होत्या. नीलेश यायचा होता. मावशी म्हणाल्या, "वाच गो. मराठीत करून सांग. काय गाळू नको."

मी वाचत गेले. गावाचं नाव, वडिलांचं, आईचं, आजोबांचं. वडिलांचं नाव आलं तेव्हा त्यांनी हात जोडले. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की मूळ पानाच्या समासात मागाहून केलेली एक नोंद आहे. ती मी मनात वाचली आणि थांबले.

"थांबलीस का?"

"मावशी, काहीतरी घोटाळा आहे. नीलेश आला की बघू."

"तू वाच."

मी वाचलं. ह्या नोंदीतली मुलगी एक वर्ष सात महिन्यांची असताना तापाने मरण पावली, असं त्या समासात लिहिलं होतं. मृत्यूची तारीख होती, खबर देणाऱ्याचं नाव होतं. खबर देणारे मावशींचे वडीलच.

मावशींचे हात सुपात तसेच चालू होते. दोन-तीन काड्या त्यांनी वेचून बाजूला टाकल्या. मग त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा वाचलं, आणि त्या उठून मोरीत जाऊन हात धुऊन आल्या. तीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या पोरांच्या नोंदी नीट करून घेतल्या तिच्याच नोंदीवर मेली म्हणून शेरा होता, आणि तो तिला मी वाचून दाखवला होता. आजही आठवलं की वाटतं, त्या दिवशी पाकीट ऑफिसातच विसरले असते तर बरं झालं असतं.

पेडण्याला मावशींचे मामा अजून होते, नव्वदीच्या पुढचे. नीलेश आणि मावशी त्यांच्याकडे जाऊन आले. तिथे काय झालं ते मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण मामांच्या हकिगतीत फरक नव्हता. जयवंती नावाची मुलगी घरात आधी झाली होती. पहिली मुलगी म्हणून वडिलांनी हौसेने कचेरीत जाऊन नाव घातलं होतं. ती तापाने गेली. तिला मातीत ठेवायच्या आधी आजीने तिच्या डाव्या कानामागे काजळाची ठसठशीत तीट लावली, परत आली तर ओळखू यावी म्हणून. वर्ष उलटलं आणि पुन्हा मुलगी झाली. तिच्या डाव्या कानामागे काळा डाग होता. केरकरमावशींच्या कानामागचा तो वाटाण्याएवढा डाग आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता.

"ताच परत इला, म्हणान नाव ताच ठेवल्यानी," मामा म्हणाले. आजीने बारसंही करू दिलं नाही. एकाच पोराचं बारसं दोनदा कशाला आणि एकाच पोराची नोंद तरी दोनदा कशाला, असं तिचं म्हणणं. वडील पुन्हा कचेरीत गेलेच नाहीत. पुढे मास्तरांनी शाळेत घालताना दाखला मागितला, तेव्हा घरात होता तो नेऊन दिला.

गावाहून आल्यावर मावशी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "म्हणजे मी अडीच वर्षं आधीच रिटायर झाले." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

एजंट मुरलेला होता. त्याने सांगितलं, यात अवघड काही नाही. मेली ती दुसरीच मुलगी, जिची नोंदच झाली नव्हती, आणि तिचा मृत्यू चुकून ह्या नावासमोर लिहिला गेला, असं प्रतिज्ञापत्र मावशींनी करायचं. मामांनी तसंच गावी करायचं. मग समासातली नोंद रद्द करून घ्यायची. मामा तयार होते. त्यांना काय, भाची सांगेल तिथे अंगठा.

आणि नीलेशकडे तर त्याहून मोठं कारण होतं. तो म्हणायचा, तुझ्या आजीनेच सांगितलं ना की तीच परत आली? घरातल्या सगळ्यांनी मानलं ना? मग आई, तीच तू. यात खोटं काय आहे? हे तो आरडाओरडा करून सांगत नव्हता. मला तर ते पटलंसुद्धा होतं.

आठवड्याभराने एका दुपारी मावशी जिन्यात पायरीवर बसलेल्या दिसल्या, म्हणून मीही बसले. त्यांनी आपणहून विषय काढला.

"इतकी पोरं माझ्या हातातून गेली गो. निम्म्यांना कुठे ना कुठे डाग. मांडीवर, पाठीवर. सगळी काय परत आलेली?"

मी म्हटलं, तुम्ही मानू नका, पण कागदापुरतं मानायला काय हरकत आहे?

"मग ती कुठे गेली?" त्या म्हणाल्या. "मीच ती म्हटलं तर ती कुठेच नाय राहत. तिच्यासाठी कुणी रडलं नाय. परत आली म्हणून सगळे हसलेच. सत्तर वर्षं मी तिचं घालून बसलेय, आणि आता लिहून देऊ की ती नव्हतीच?"

मी त्यांना सही करायला सांगितलं. हे मी लपवत नाही. मी म्हटलं, मावशी, मेलेल्या पोरीला कागदाचं काय, जिवंत पोराचं बघा. नीलेशचं वय निघून चाललंय. नातीचा विचार करा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो म्हणाल्या. साक्षीदार म्हणून तूच ये, असंही म्हणाल्या.

बोरिवलीला कोर्टाजवळ एका नोटरीकडे आम्ही गेलो. मावशींनी सुप्रियाने इस्त्री करून दिलेली साडी नेसली होती. नीलेशने सकाळपासून दोनदा दाढी केली होती असं वाटावं इतका तो नीट दिसत होता. वाटेत रिक्षात आईला म्हणाला की तिकडे थंडी असते, तुला घेऊन जाईन तेव्हा स्वेटर घ्यावा लागेल. मावशींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो उतरेपर्यंत काढला नाही. नोटरी वयस्कर होते. त्यांच्यासारख्या लोकांना दिवसाला शंभर कागद असतात, वर न बघता शिक्के मारतात. पण हे जुन्या वळणाचे. त्यांनी सगळा मजकूर मराठीत समजावून सांगितला. मग पेनाचं टोपण काढून, प्रत्येकाला विचारत असतील तसंच विचारलं, "समजलं ना आजी? सगळं खरं आहे ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

नोटरींना वाटलं, समजलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. मावशींनी त्यांना थांबवलं.

"समजलं साहेब. ह्यात लिहिलंय, मेली ती दुसरी. ती दुसरी नव्हती. ती पहिली. जयवंती तीच. दुसरी मी."

नोटरींनी पेनाला टोपण लावलं. कागद त्यांनी दोन बोटांनी आमच्याकडे सरकवला, रागाने नव्हे, पण आता त्याला हात लावायचा नाही अशा बेताने. नीलेश आईकडे बघत राहिला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मग तू कोण?"

"माहीत नाय रे," त्या म्हणाल्या. "माझं कुणी लिहिलंच नाय."

नीलेशने फाइल उचलली आणि तो निघून गेला. आम्ही दोघी रिक्षाने परतलो. वाटेत मावशींनी मला ते भाषांतर अजून माझ्याकडे आहे का विचारलं. पर्समध्ये झेरॉक्स होती. मृत्यूची तारीख वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचली. त्यांनी ती दोनदा पुटपुटून पाठ केली, आणि मराठी तिथी काढून दे म्हणून सांगितलं. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. पोराचं आयुष्य टेबलावर ठेवून ही बाई तिथी विचारतेय, असं मनात आलं. ती तिथी मी पुढे काढून दिली, पण त्या दिवशी नाही.

दोस्ताने धरून ठेवलेली जागा दुसऱ्याला गेली. एजंटने फाइल परत केली. नोटरीसमोर बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर तो हात घालायला तयार नव्हता. नीलेशला भिवंडीच्या एका गोदामात काम लागलं, जाण्यायेण्यातच चार तास जायचे. आईशी तो भांडला नाही. बोलणंच बंद केलं. बारा बाय पंधराच्या खोलीत पाच फुटांवरच्या माणसाशी न बोलणं किती कष्टाचं काम आहे ते मी पाहिलं. सुरुवातीला आम्हाला वाटलं, आठ दिवस चालेल. मग दिवाळी गेली, गणपती आले. सुप्रियाने त्याला समजावून पाहिलं, मी पाहिलं. तो मला म्हणाला, "काकी, तिने मेलेली निवडली. मग जित्याने काय बोलायचं?" मावशी बरोबर होत्या का, हे मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, आणि लगेच मला नीलेशचा चेहरा आठवेल.

मावशींची तब्येत उतरत गेली. लोकांची वजनं सांगायचं त्यांनी सोडलं. ज्या तिथीला ती पोर गेली त्या दिवशी त्या उपास धरायच्या, विचारलं तर सांगायच्या, बहिणीचा. सोसायटीत नव्या आलेल्या बायकांना वाटायचं, हल्लीच कुणी गेलं असेल.

पुढे आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही मुलुंडला राहायला आलो. केरकर चारकोपातच, शेजारच्या प्लॉटमध्ये भाड्याने गेले. वर्षभराने एका रविवारी काही कामाने तिकडे गेले होते, म्हणून न कळवताच त्यांच्याकडे डोकावले. दुपारचं जेवण चाललं होतं. बांगड्याच्या तिखल्याचा वास पार जिन्यापर्यंत आला होता. नीलेश पाटावर जेवत होता, सुप्रिया ओट्यापाशी तळत होती, मावशी वाढत होत्या. फार वाळल्या होत्या. मला बघून डोळ्यांनीच बस म्हणाल्या. कान मात्र त्यांचे शाबूत होते. शेजारच्या घरात एक तान्हं रडत होतं, तर मला म्हणाल्या, भुकेचं नाय, पोट दुखतंय त्याचं.

भाताचा डाव घेऊन त्या नीलेशच्या ताटावर वाकल्या. दोघांत हातभराचं अंतर होतं.

"सुप्रिया, आईला सांग, भात नको," नीलेश म्हणाला.

मावशींचा हात ताटावर तसाच राहिला. डाव भरलेला, वाफ येत होती. जणू त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. नीलेश खाली मान घालून काटे काढत बसला होता.

सुप्रियाने गॅस बारीक केला आणि मान न वळवता सांगितलं, "आई, त्यांना भात नको."

तेव्हा मावशींनी डाव मागे घेतला.